तीन महिन्यांनी या

आजारपणालाही समाजात एक दर्जा असतो, आणि त्या उतरंडीत हिरड्यांचा नंबर पार तळाला लागतो. बायपास झालेल्या माणसाकडे लोक शहाळी घेऊन येतात. गुडघे बदलले की कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. मूतखडा निघाला तर तो बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवता येतो. पण “हिरड्यांचं ऑपरेशन झालं” असं सांगितलं की समोरचा आधी आपल्या तोंडाकडे बघतो, मग घड्याळाकडे, आणि मग विचारतो, “म्हणजे दात काढला?” नाही काढला म्हटलं की त्याचा रस संपला. दात काढण्यात निदान काहीतरी निघतं. हिरड्यांच्या उपचारात पैशांखेरीज काही निघत नाही, अशी आमच्या तुकोगंजातली सर्वसाधारण समजूत आहे.

तुकोगंज म्हणजे इंदुरातली तुकोजीराव होळकरांच्या नावाची वस्ती. साउथ तुकोगंजात नाथ मंदिर आहे, जाल सभागृह आहे, आणि मधल्या गल्ल्यांत जुनी मराठी घरं पाडून उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. त्यांच्या तळमजल्यावर हटकून एखादा दवाखाना असतो. छप्पन दुकान ही खाऊगल्ली पायी जाण्याच्या अंतरावर. म्हणजे दुखण्याचं कारण आणि उपाय, दोन्हींसाठी रिक्षा करावी लागत नाही.

ब्रश केल्यावर बेसिनमध्ये लाल दिसू लागलं तेव्हा घरात निदान झटक्यात झालं: उष्णता. आमच्याकडे कपाळावरच्या पुटकुळीपासून जावयाच्या रागापर्यंत सगळ्याचं मूळ उष्णतेत सापडतं. उपाय म्हणून गुलकंद सुरू झाला. त्याचा हिरड्यांवर काय परिणाम झाला कळलं नाही, पण औषधाच्या नावाखाली साखर मात्र सकाळ-संध्याकाळ पोटात जाऊ लागली. शेवटी दाताच्या डॉक्टरांची वेळ बायकोने घेतली, कारण उशीच्या अभ्र्यांवर डाग पडत होते आणि अभ्रे तिच्या माहेरून आलेले होते.

आमच्या डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढ्या. बोलणं गोड, हात हलका, निर्णय कडक. त्यांच्या हातात एक बारीक सळई होती, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती हलकेच उतरवायची आणि आकडा म्हणायचा. प्रत्येक दाताला सहा जागा, तीन बाहेरून, तीन आतून. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे काळजी. बाई म्हणत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती: “तीन, दोन, तीन. तीन, चार, चार. पाच. सहा, ब्लीडिंग.” अठ्ठावीस दात धरले तरी एकशे अडुसष्ट आकडे होतात, आणि तोंडात हात असल्यामुळे त्यातल्या एकावरही हरकत घेता येत नाही. “सहा” म्हटलं की ती मुलगी लिहायचं थांबून एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघायची. एवढ्या काळजीने माझ्याकडे बघणारं माणूस मला बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं.

“काका, पायोरिया आहे,” बाई म्हणाल्या.

हा शब्द मी लहानपणी रेल्वेच्या डब्यातल्या मंजनवाल्याच्या तोंडी ऐकलेला. त्याच्याकडे त्यावर पाच रुपयांची पुडी होती. इथे मात्र भूल देऊन हिरडीच्या खाली मुळांची सफाई झाली, आणि खालच्या उजव्या बाजूला तेवढ्याने भागेना म्हणून हिरडी उघडून, साफ करून, टाके घालून पुन्हा बसवली गेली. सगळं आटोपलं, मी खुर्चीवरून उतरलो आणि मोठ्या मनाने आभार मानले.

“तीन महिन्यांनी या,” बाई म्हणाल्या.

“कशाला?”

“बघायला.”

“आणि मग?”

“मग परत तीन महिन्यांनी.”

“असं किती दिवस?”

“दात ठेवायचेत तोवर.”

त्यांचं म्हणणं सरळ होतं. हिरडीची सूज उतरते, रक्त थांबतं, फट आखडते. पण त्या रोगात दाताभोवतीचं जे हाड झिजलं ते सहसा परत येत नाही. फटीतून हुसकून लावलेले जंतू मात्र परत येतात. दोन-तीन महिन्यांत त्यांचा पुन्हा जम बसू लागतो, म्हणून ती मुदत. रोग बरा झाला असं म्हणायचं नाही, थोपवला आहे असं म्हणायचं. मला हे फसवणुकीसारखं वाटलं. अपेंडिक्स काढलं की कुणी तीन-तीन महिन्यांनी पोट उघडून बघत नाही.

टाके होते तोवरचं पथ्य असं: मऊ खा, कोमट खा, तिखट नको, बारीक कण अडकतील असं काही नको. आता इंदुरात सकाळी पोहे खाल्ल्याशिवाय दिवस सुरू झाल्याचं कुणी मानत नाही. पोहे मऊच असतात, वाफेवर ठेवलेले असतात. बाधा काय ती वरच्या शेवेची. मी नेहमीच्या ठेल्यावर गेलो आणि शांतपणे म्हटलं, “भिया, एक प्लेट. सेव मत डालना.”

ठेलेवाल्याचा हात हवेतच थांबला. “सेव नी डालूं?”

“नी.”

“कांदा?”

“नी.”

“जीरावन?”

“वो भी नी.”

आजूबाजूचं चावणं थांबलं. एकाने हळूच विचारलं, “भिया, शुगर है क्या?” दुसरा त्याला दटावून म्हणाला, “अरे, हार्ट का होगा.” मी गालाकडे बोट दाखवून “मसूड़े” म्हणालो, तर दोघांनीही आपापल्या प्लेटमध्ये मान घातली. एवढ्याशा दुखण्यासाठी शेव सोडणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा. ठेलेवाला मात्र दयाळू निघाला. “तो बारीक वाली डाल देता हूं, वो तो घुल जाती है,” म्हणत त्याने मूठभर बारीक शेव पसरलीच. वर स्वतःच खुलासा केला, “बिना सेव के दूंगा तो ठेले का नाम खराब होगा.” बारीक शेव विरघळत नाही. ती जाडीपेक्षा आत जाते. मी ती एकेक काडी वेचून कडेला काढत बसलो, आणि ते बघून एका आजोबांनी नातवाला सांगितलं, “देख, अन्न की ऐसी बेइज्जती नी करते.”

शेवेपेक्षा मोठा हंगामा माउथवॉशने केला. टाक्यांच्या जागी ब्रश लावायचा नाही, म्हणून क्लोरहेक्सिडीनचं औषध दिवसातून दोनदा तोंडात खुळखुळवून थुंकायचं. जंतूंचा बंदोबस्त ते चोख करतं, पण जाता जाता जिभेची खारट आणि कडू चव मंदावून जातं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता. घरी जेवायला बसलो आणि म्हणालो, “आमटीत मीठ नाही.” बायकोने चाखली. मुलाला चाखवली. मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी वरून मीठ घेतलं, तरी लागेना. पापड अळणी, लोणचं अळणी. ज्या गावात पाहुण्याला निरोप देताना सामान म्हणून लौंगेच्या शेवेची पुडकी बांधून देतात, त्या गावात राहून खारट लागू नये, ही शिक्षा कुठल्या जन्मीच्या पापाची आहे ते डॉक्टर सांगू शकल्या नाहीत. औषध बंद झालं की चव परत येते एवढं मात्र त्यांनी शपथेवर सांगितलं, आणि ते खरं आहे.

एक फायदा झाला. कारल्याची भाजी मी त्या पंधरवड्यात मागून घेतली. दुसऱ्यांदाही घेतली. बायकोला वाटलं, डॉक्टरांनी हिरडीबरोबर स्वभावालाही भूल दिली. आजूबाजूच्या दोन वहिनींना तिने हे फोन करून कळवलं. पुढे औषध थांबलं आणि एका दुपारी मी कारल्याची वाटी बाजूला सारली, तेव्हा “झाले बरे” असं तिने स्वतःच जाहीर केलं. माझ्या प्रकृतीचा तेवढा एकच दाखला घरात मान्य आहे.

त्या औषधाचा दुसरा गुण म्हणजे दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा जास्त असेल तर जास्त. सानंद संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात एका ओळखीच्या बाईंनी माझं हसणं बघून आपल्या नवऱ्याला बाजूला नेलं आणि मी तंबाखू कधीपासून सुरू केली अशी चौकशी केली. त्यांनी मला थेट विचारलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. पण हिरड्यांचं कारण ऐकण्यापेक्षा तंबाखूचा संशय लोकांना जास्त पटतो. डाग डॉक्टर पॉलिश करून काढतात. म्हणूनच ते औषध ठरावीक दिवसच घ्यायचं असतं. काही लोक त्याची चटक लागून महिनोनमहिने गुळण्या करत राहतात आणि मग आमटीत मीठ नाही म्हणून भांडत बसतात.

सूज उतरल्यावर आरशात जे दिसतं त्याची तयारी ठेवावी. सुजलेली हिरडी आखडते, खाली जाते, आणि दात पूर्वीपेक्षा लांब दिसू लागतात. दोन दातांच्या मधे, हिरडीच्या टोकाशी, काळे त्रिकोण उघडतात. मुळाचा थोडा भाग उघडा पडतो, त्यामुळे गार शिकंजीचा पहिला घोट थेट कानशिलात जातो. हे काही आठवड्यांत बरंचसं कमी होतं, पण तोवर शेजारच्या काकांना जे म्हणायचं ते म्हणून झालेलं असतं.

“म्हणून मी क्लीनिंग करत नाही,” काका म्हणाले. “चांगले घट्ट दात, हे लोक खरवडतात, फटी पाडतात, मग दात हलतात.”

हा समज आमच्याकडे इतका पक्का आहे की क्लीनिंगपेक्षा दात काढून घेणं लोकांना सुरक्षित वाटतं. खरी गोष्ट अशी की फटी आधीच पडलेल्या होत्या, त्या कीटणाने बुजल्या होत्या. दाताभोवतीचं हाड गेल्यावर दाताला बाजूच्या दाताशी धरून ठेवणारं ते दगडी कीटण असतं. ते काढलं की खोटा आधार जातो आणि खरी परिस्थिती दिसते. काकांना मी हे सांगितलं. काका म्हणाले, “म्हणजे आधार काढलाच ना?” काका वकिलीतून निवृत्त झालेले आहेत.

आता या फटींची निगा. साध्या ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. त्यासाठी इंटरडेंटल ब्रश असतो: बारीक तार, तिच्याभोवती केस, मागे धरायला छोटी मूठ. फटीच्या मापाप्रमाणे जाडी वेगळी, जाडीप्रमाणे रंग वेगळा. फट मोठी असेल तिथे फ्लॉसच्या दोऱ्यापेक्षा हा चांगला चालतो. मी औषधाच्या दुकानात मागितला तर आधी कवळी घासायचा ब्रश पुढे आला, मग लहान मुलांचा, मग टूथपिकची डबी. शेवटी मालकाने आतून एक धुळकट पाकीट आणलं. “ले जाओ भिया, दो साल से पड़ा है, कोई पूछता नी.” घरात तो ब्रश पहिल्यांदा बेसिनवर दिसला तेव्हा मुलाने तो की-बोर्ड साफ करायला नेला. चांगला निघतो म्हणाला.

टूथपिकची गोष्ट वेगळी. लग्नात जेवणं उरकली की बडीशेपेच्या तबकात टूथपिक ठेवलेली असते आणि मंडपाच्या दाराशी उभं राहून, पाहुण्यांशी बोलत, हात आडवा धरून दात कोरणं हा शिष्टाचार आहे. वरपित्यालाही तो लागू आहे. पण त्याच मंडपात हात धुण्याच्या जागी मी इंटरडेंटल ब्रश काढला, तर मागच्या रांगेतल्या दोघी आपल्या मुलांना घेऊन दुसऱ्या नळावर गेल्या.

ब्रश करायचा तो मऊ, हिरडीच्या कडेशी तिरका, साधारण पंचेचाळीस अंशात धरून, जागच्या जागी हलकेच हलवत. ही पद्धत चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाते. ते अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे वैद्यकीय डॉक्टर, दाताचे नव्हेत; त्यांनी १९१२ मध्ये मलेरियाचे जंतू शरीराबाहेर वाढवून दाखवले होते. उतारवयात ते दातांच्या मागे लागले. आमच्या पिढीला मात्र ब्रश जोरात आडवा ओढल्याशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही. बूट पॉलिश करताना जो आवाज येतो तो आला पाहिजे. दोन मिनिटं हलक्या हाताने ब्रश, मग फटींतून छोटा ब्रश, असं रात्रीचं माझं काम चालू झालं की बाहेरून आवाज येतो, “झोपलात का आत?” त्यामागे माझी काळजी नसते. नर्मदेचं पाणी १९७८ पासून इंदुराला येतंय, पण आमच्याकडे एक दिवसाआड येतं, आणि मी नळ सोडून ठेवलाय की काय याची ती काळजी असते. नळ बंद असतो. दोन मिनिटं नळ सोडून ब्रश करणारा माणूस तुकोगंजात राहत असेल तर तो भाड्याने राहत असावा.

याच गावाने स्वच्छतेत देशाला मागे टाकलंय, याचं मला खरं नवल वाटतं. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं आणि २०२३ पर्यंत सलग सात वेळा येत राहिलं, सातव्या वेळी सुरतेबरोबर वाटून. पण २०१७ ला पहिला नंबर आला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं वाजवत येणारी कचऱ्याची गाडी कुणी बंद केली नाही. सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत गराडू, भुट्ट्याचा कीस, जलेबा चालू असतो आणि शेवटचं गिऱ्हाईक उठलं की झाडू सुरू होतो. रोज खाल्लं जातं, म्हणून झाडूही रोज. तोंडातही नेमकं हेच घडतं. घासलेल्या दातावर काही तासांत जंतूंचा पातळ थर परत बसू लागतो. तो काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत दगड होतो आणि मग ब्रशला दाद देत नाही, डॉक्टरांकडेच जावं लागतं. हे इंदूरकराला समजावून सांगायला खरं तर दोन मिनिटं लागू नयेत. पण ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक असा सहा डब्यांत कचरा वेगळा करणारं घर, दाताच्या सहा जागा म्हटल्यावर “एवढं कोण बघत बसतं” म्हणतं. तोंडावर महापालिकेचा दंड नाही, हाच काय तो फरक.

दंड नसला तरी सल्ला भरपूर आहे. तुकोगंजातल्या प्रत्येक मराठी घरात हिरड्यांवरचा एकतरी उपाय वडिलोपार्जित असतो. मोहरीचं तेल आणि मीठ. तुरटीचं पाणी. लवंग. एका आत्याबाईंनी माकडछाप काळं दंतमंजन सुचवलं, कारण त्यांच्या सासऱ्यांचे दात शेवटपर्यंत होते. वहिनींनी विकोची वज्रदंती सांगितली. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत सुरू केलेली कंपनी, म्हणजे आपलाच माणूस, हा त्यांचा मुख्य मुद्दा. अंगणातल्या पिवळ्या कोरांटीलाच वज्रदंती म्हणतात, तेव्हा ट्यूब तरी कशाला, असं त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं पडलं आणि विषय हिरड्यांवरून सासू-सुनेवर गेला. डॉक्टरांची हरकत कुठल्या वनस्पतीला नव्हती. त्यांची हरकत खरखरीत पूड बोटाने रगडण्याला होती, कारण हिरडी उतरलेली असली की खाली मूळ उघडं असतं आणि ते दाताच्या वरच्या कवचापेक्षा मऊ असतं, झिजतं. आणि मशेरीला तर त्यांनी हात जोडले. ती तंबाखू आहे, मंजन नाही.

“आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं,” असं म्हणणारे एक गृहस्थ आमच्या फिरायच्या मंडळात आहेत. यावेळी त्यांचं बरोबर निघालं. सुश्रुताने दाताच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितलेत. शीताद, दंतवेष्ट, उपकुश ही नावं त्यातलीच. बारा अंगुळं लांब काडी घ्यावी, तिचा मऊ कुंचला करावा, दात एकेक करून घासावा आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये, असंही सांगितलंय. म्हणजे आमच्या डॉक्टर जे फी घेऊन सांगतात तेच. मी त्या गृहस्थांना विचारलं, तुम्ही कसा घासता? ते म्हणाले, “मी गाडी काढता काढता उरकतो.”

मंडळातले दुसरे एक सिगारेटवाले. त्यांचा दावा असा की त्यांच्या हिरडीतून रक्ताचा थेंब येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, धुराने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसतं. रोग असतो, घंटा तेवढी वाजत नाही. शिवाय उपचारानंतर सिगारेटवाल्याची हिरडी भरूनही कमी येते. हे मी त्यांना सांगितल्यापासून ते मला टाळून पुढच्या फाटकाने बाहेर पडतात.

साखरेचंही तसंच. दाताच्या खुर्चीत बसल्यावर “तीन महिन्यांची साखर किती?” असं विचारतील हे माझ्या कल्पनेत नव्हतं. पण मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज चालू राहिली तर साखर आटोक्यात ठेवायला जड जाते, असा तो दुतर्फा व्यवहार आहे. पोह्यांबरोबर जलेबी खाणाऱ्या गावात डॉक्टरांनी हा प्रश्न विचारायला धाडस लागतं.

आता शेजारच्या काकांकडे परत यायला हवं, कारण आमच्या गल्लीचं सगळं दंतविषयक धोरण त्यांच्यावर उभं आहे. ऐंशीच्या आतबाहेर वय. बोटाने मंजन, तेही आठवण झाली तर. दाताने सुपारी फोडतात, अक्रोडही फोडतात, आणि फोडल्यावर सगळ्यांकडे एकदा बघतात. दाताच्या डॉक्टरांचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. कुणीही हिरड्यांचं नाव काढलं की गल्ली काकांकडे बोट दाखवते: यांचं काय बिघडलं?

याचं उत्तर श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत आहे. नॉर्वेचे दंतसंशोधक हॅराल्ड लोए यांनी आधी १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस गावी बारा निरोगी माणसांना दात घासायचं बंद करायला लावलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. (ही माणसं त्यांना शोधावी लागली असतील. तुकोगंजात प्रयोग आयता चालू आहे.) मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं मळ्यातल्या चारशे ऐंशी कामगारांचे दात पाहिले. दात घासायची पद्धत तिथे नव्हती, दाताचे डॉक्टर नव्हते, कीटण सगळ्यांकडे होतं. तरी आठ टक्के लोकांचे दात झपाट्याने गेले, इतके की पंचेचाळिशीपर्यंत तोंड जवळजवळ मोकळं. एक्क्याऐंशी टक्क्यांचा रोग सावकाश वाढत राहिला. आणि अकरा टक्क्यांचं प्रकरण हिरडीच्या सुजेपुढे गेलंच नाही.

आमचे काका या अकरा टक्क्यांतले. प्रत्येक गल्लीत असे एक काका असतातच, आणि बाकी सगळी गल्ली स्वतःला त्यांच्या गटात धरून चालते. मी हा हिशेब काकांना समजावून दिला तेव्हा ते प्रसन्न झाले. उरलेल्या एकोणनव्वद टक्क्यांबद्दल त्यांनी सहानुभूती व्यक्त केली आणि एक सुपारी फोडली.

खरी पंचाईत आहे ती उपचार होऊन गेलेल्यांची. दुखत होतं तेव्हा माणूस रात्री अकराला दवाखान्याची घंटा वाजवतो. थांबलं की तो गायब. आमच्या डॉक्टरांच्या स्वागतकक्षातली मुलगी दर तीन महिन्यांनी फोन करते आणि मिळणारी उत्तरं मला तोंडपाठ झाली आहेत, कारण मी तिथे बसलेला असतो. “अनंत चतुर्दशीची झांकी झाल्यावर बघू.” “रंगपंचमीची गेर होऊ दे.” “लग्न आहे घरात.” आणि सगळ्यांत जास्त वेळा, “पण मी तर बरा आहे.” ती मुलगी न चिडता म्हणते, “म्हणूनच यायचंय, काका.” स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावात अॅक्सेलसन आणि लिंधे या दंतसंशोधकांनी लोकांना असं तीस वर्षं ठरल्या वेळी बोलावून, साफ करून, शिकवून घरी पाठवलं. तीस वर्षांत त्यांचे फारच थोडे दात गेले, आणि जे गेले त्यातले बरेचसे मुळाला तडा गेल्यासारख्या कारणांनी, हिरडीच्या रोगाने नव्हे. तिथे गेर नसते, हे मान्य.

मागच्या खेपेला माझी मोजणी झाली. सहाचे चार, पाचचे बहुतेक तीन. मागच्या दाढेपाशी एक पाच अजून अडून बसलाय. मदतनीस मुलगी या वेळी लिहिता लिहिता हसत होती. मी घरी आलो आणि उत्साहाने म्हणालो, “सहाचे चार झाले!” मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, “कुठला शेअर?” या क्षेत्रात आकडे खाली जाण्याला प्रगती म्हणतात हे त्याला समजावून सांगेपर्यंत वरण निवलं. चांगल्या हिरडीचं कुणी कौतुक करत नाही. ती दिसतच नाही. लोक तुमच्या दातांना छान म्हणतात, तेही टूथपेस्ट कोणती म्हणून विचारायला.

तेव्हा ज्यांचे उपचार झाले आहेत त्यांनी तीन महिन्यांच्या तारखेला झांकी, गेर आणि घरचं लग्न आडवं येऊ देऊ नये. आणि ज्यांचे व्हायचे आहेत त्यांनी ब्रशवर रक्त दिसलं म्हणून ब्रश करणं सोडू नये. तिथेच तो लागायला हवा असतो, फक्त हलक्या हाताने. खासगी दवाखाना झेपत नसेल तर एम. वाय. हॉस्पिटलसमोर १९६१ साली सुरू झालेलं सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जा, ओपीडीत गर्दी असते. जाताना रोज वापरता तो ब्रश खिशात घालून न्या आणि त्याचे केस फिसकटलेले असतील तर नवा विकत घेऊन नेऊ नका. डॉक्टरांना जुनाच बघायचा असतो.